मागची खोली... आत्ता चालू

"तीन हाका मारल्या. तीन! त्या डब्याला एकदा टिंग झालं की मात्र धावत जाते."

आई पलंगावरून पुटपुटत होती. धाकटीनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि त्या डब्यासमोरच, म्हणजे संगणकासमोर, बसून राहिली.

धाकटी म्हणजे माझी चुलतबहीण. हे तिच्या घरात घडलंय. खरं घडलंय. भूत म्हटलं की लोकांना रात्रच लागते. हे गुरुवारी भर दुपारी, लख्ख उन्हात झालं. धाकटी खोटं बोलणारी नाही. म्हणजे... एक गोष्ट सोडून. आजही ती मागच्या खोलीच्या दाराकडे पाठ करून बसत नाही. मी काही विचारलं की विषय बदलते.

धाकटी घरी बसून डॉक्टरांचे रिपोर्ट टाईप करते. त्या दिवशी अडीच वाजता ऑफिसातल्या संगणकवाल्याचा फोन आला. त्याला सगळे 'रीस्टार्ट' म्हणतात, कारण कुठल्याही दुखण्यावर त्याच्याकडे तेवढं एकच औषध.

"ताई, ते फुकटचं व्हीपीएन काढा. पेशंटची माहिती असते. चारच्या आत भरवशाची सेवा घ्या आणि खात्यावर फक्त तुमचंच मशीन आहे असा फोटो पाठवा. नाहीतर सोमवारपासून ऑफिसात येऊन बसा."

ऑफिसात? आईला कूस बदलायलाही माणूस लागतो. घरात दुसरं आहे कोण?

व्हीपीएन म्हणजे घरापासून ऑफिसापर्यंतची झाकलेली वाट. आपण काय नेतोय ते मधल्या कुणाला दिसू नये. पण वाट बांधणाराच डोकावत असेल तर? धाकटीनं दहा कंपन्या पाहिल्या. सगळ्याच सर्वांत सुरक्षित. लग्नाच्या स्थळांसारखं, सगळेच निर्व्यसनी.

मग तिला दादा आठवला.

तिचा मोठा भाऊ. मागच्या खोलीत बसून हेच संगणकाचं काम करायचा. म्हणायचा, "फुकट कुलूप देणारा एक किल्ली स्वतःकडे ठेवतो, धाकटे. कोण आलं, कोण गेलं याची जो नोंदच ठेवत नाही आणि बाहेरच्या माणसाकडून तपासणी करून घेतो, त्याच्यावर भरवसा ठेव." तशीच एक सेवा त्यानं घरासाठी तीन वर्षांची घेऊन ठेवली होती.

दादाला जाऊन आठ महिने झाले होते. अपघात. आई तेव्हा दवाखान्यात होती. हृदय नाजूक, धक्का नको, असं डॉक्टरांनी बजावलं. मग सगळ्या नातेवाइकांनी मिळून ठरवलं. आईनं विचारलं की एकच उत्तर.

"दादा कामात आहे गं, आई!"

रोज. ओरडून. आईला कमी ऐकू येतं ना.

धाकटीनं दादाच्या वहीतून पासवर्ड शोधला. खातं उघडलं. यंत्रांची यादी समोर आली.

एकच नाव.

मागची खोली... आत्ता चालू.

दादानं आपल्या लॅपटॉपला दिलेलं नाव. पण तो लॅपटॉप तर कपाटात होता. चार्जर तिनं कधीच कुणाला देऊन टाकला होता. जुनं काहीतरी अडकलं असेल, असं म्हणून तिनं ते नाव काढलं. स्वतःचं मशीन जोडलं. फोटो काढायला मोबाईल उचलला...

दोन नावं.

तिनं पासवर्ड बदलला. नवा, फक्त तिच्या डोक्यातला. कागदावरसुद्धा नाही. पुन्हा ते नाव काढलं. मनात दहा आकडे मोजले.

मागची खोली... आत्ता चालू.

तिनं कंपनीला लिहून विचारलं, हे यंत्र कोण वापरतंय? उत्तर लगेच आलं. "आम्ही नोंदी ठेवत नाही. इतकंच सांगू शकतो, नवा पासवर्ड टाकूनच ते जोडलं गेलं आहे."

घ्या. भरवशाची सेवा हवी होती ना!

साडेतीन वाजले. ती उठली. मागच्या खोलीचं दार ढकललं.

कुणी नव्हतं.

टेबलावर आठ महिन्यांची धूळ. फक्त पुढच्या कडेला दोन जागा स्वच्छ... जिथं टाईप करताना मनगटं टेकतात.

तिनं कपाट उघडलं. पिशवीतून लॅपटॉप काढला. बटण दाबलं. काही नाही. पडदा काळाच.

पण खालून तो... कोमट होता.

तो तसाच टाकून ती बाहेर आली. दार ओढून घेतलं. आईच्या पलंगावर येऊन बसली, तोच दारामागून...

टक.

टक टक. टक.

मोबाईल वाजला. रीस्टार्ट. "ताई, फोटो कुठाय?"

"यादीत... दोन मशीन दिसतायत."

"दोन? दुसऱ्यावर कोण काम करतंय?"

आणि धाकटीच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "दादा कामात आहे."

दारामागची टकटक एकदम वाढली.

"फोन ठेव," आई म्हणाली.

धाकटीनं ठेवला.

"दवाखान्यातून आले त्याच दिवशी कळलं मला. तुझं तोंड काय मला वाचता येत नाही? तुम्हाला बरं वाटतं म्हणून गप्प बसले." आईचा आवाज अगदी शांत होता. "मला टीव्ही ऐकू येत नाही गं. पण ही टकटक येते. आठ महिने येते. तुम्ही रोज ओरडून सांगता, दादा कामात आहे. तो बिचारा कामातच राहिला. मला नाही सांगितलंत, चालेल. त्याला तरी सांगायचं होतं."



मग आईनं मान वळवली. शाळेतून आल्यावर त्याला जेवायला हाक मारायची, त्याच आवाजात त्या बंद दाराला म्हणाली,

"बाळा... तू गेलास रे. ठेव आता ते काम."