बारा-तेराचा पाना

इंजिन बंद असलेली जुनी जीप उतारावरून घरंगळत आली आणि गॅरेजच्या दारात थांबली. तिच्यामागे रस्त्यावर काळ्या तेलाची रेघ उमटली होती.

आतून एक तरुण बाई उतरली. पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, बाहीला गवताच्या काड्या.

"खालून दगड लागला," ती म्हणाली. "लाल दिवा लागला आणि मी इंजिन बंद केलं. बरोबर केलं ना?"

"म्हणून तर इंजिन वाचलं," मेकॅनिक म्हणाला.

"पोटाला मार लागलेल्या जनावराला मी चालवत नाही. गुरांची डॉक्टर आहे मी."

तो वाकून बघू लागला. चेंबर, म्हणजे इंजिनच्या तळाशी तेल धरणारं पत्र्याचं भांडं, कोपऱ्यात फाटलं होतं.

"याला आधीच दोन ठिगळं आहेत. आता नवंच बसवावं लागेल."

"मग थांबते. चालत गेले तर गाई हसतील मला."

मेकॅनिकला हसू आलं. हसता हसताच त्यानं मागच्या खोलीकडे बघितलं. दारात त्याची सासू मटार सोलत बसली होती. गेल्या हिवाळ्यात त्याची बायको गेली, आणि म्हातारीला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून ती इथंच राहिली. तिच्यासमोर हसल्याची त्याला लाज वाटली.

त्यानं जॅक लावून जीप उचलली आणि लोखंडी घोड्यांवर टेकवली. खांद्याशी गोणपाट अंथरलं, त्यावर लागणारे पाने ओळीनं मांडले आणि खाली सरकला. बायको होती तेव्हा पाने असे मांडावे लागत नसत. ती स्टुलावर बसायची, हा खालून हात बाहेर काढायचा, आणि ती हातात पाना ठेवायची. आता मागायचं कोणाकडे?

डॉक्टर त्याच स्टुलावर बसली. उठा म्हणावं असं त्याला वाटलं... पण म्हणाला नाही.

"इथून तुमचे फक्त बूट दिसतात," तो खालून म्हणाला.

"बरं आहे. तोंड धुतलं नाहीये सकाळपासून."

"बूट तरी कुठं धुतलेत!"

ती मोठ्यानं हसली. हसताना बूट हलत होते. ते बघत त्यानं जुनं चेंबर कधी उतरवलं, इंजिनची कड खरवडून कधी साफ केली, त्यालाच कळलं नाही. तेल झिरपू नये म्हणून नवं पॅकिंग लावून त्यानं नवं चेंबर एका हातानं वर दाबून धरलं. बोल्ट बोटांनी लावले. आणि दुसरा हात आपोआप बाहेर गेला.

"अगं, बारा-तेरा दे की."

आतल्या भांड्यात टपटप पडणारे मटार थांबले.

मग स्टुलाजवळची हत्यारांची पेटी खडखडली आणि त्याच्या तळहातावर पाना आला. चुकीचा. बायकोही पहिला पाना चुकीचाच द्यायची.

त्याचे कान तापले. तो पाना त्यानं मुकाट्यानं बाजूला ठेवला आणि गोणपाटावरचा बरोबर पाना उचलला. चेंबरचे बोल्ट मधून सुरू करून, समोरासमोर, हलक्या हातानं आवळायचे असतात. त्यानं ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, जोर लावून, एका दमात आवळले. तेल भरलं, आणि तिच्या तोंडाकडे न बघताच तिला वाटेला लावलं.

जेवताना तो म्हणाला, "आई, चुकून गेलं तोंडातून."

"जेवा," सासू म्हणाली. एवढंच.

त्याच आठवड्यात जीप पुन्हा दारात आली.

"जिथं जाते तिथं ठिपके पडतात," डॉक्टर म्हणाली. "लोक म्हणतात, डॉक्टरीणबाईंच्या जीपला हगवण लागली."

त्यानं खाली बघितलं. पॅकिंग चेपून बाहेर आलं होतं. इतकी कच्ची चूक त्यानं शिकाऊ असतानाही केली नव्हती.

"माझंच चुकलं. घाई केली."

"घाई कसली होती?"

"तुमच्यासमोरून पळून जायचं होतं. पण मी जीपखाली होतो..."

ती हसली नाही. बुटाच्या टोकानं जमीन उकरत राहिली.

"ती हाक माझी नव्हती, कळलं मला तेव्हाच," ती हळू म्हणाली. "तरी घरी गेल्यावर आठवत राहिले. तशी हाक मला कोणी मारली नाही कधी... दुसऱ्या बाईची हाक अशी मनात ठेवायची, म्हणजे लाज मलाच वाटायला हवी, नाही का?"

दोघंही जमिनीवरच्या तेलाकडे बघत उभी राहिली.

"लाजत बसा दोघं, तेल जाऊ दे सगळं!" सासू दारातून म्हणाली. मटाराचं भांडं कडेवर घेऊन ती बाहेर आली. "जावईबापू, व्हा खाली."

तो जीपखाली गेला. सासूनं पान्यांसकट गोणपाट गोळा केलं आणि स्टुलापाशी नेऊन ठेवलं.

"आई, ते लागतं मला."

"मग मागा की. माझ्या लेकीनं तुम्हाला मागायची सवय लावली होती. तेवढी तरी मोडू नका." तिचा आवाज जरा ओला झाला. मग ती डॉक्टरकडे वळली. "आणि तुम्ही, बसा त्या स्टुलावर. रिकामं बघवत नाही मला ते."

ती आत गेली. स्टूल करकरलं. खालून त्याला पुन्हा ते बूट दिसले. आज धुतलेले होते.

त्यानं हात बाहेर काढला.

"हाक मारल्याशिवाय पाना मिळत नाही इथं," वरून आवाज आला.

त्यानं डोळे मिटले. बायकोचा चेहरा आठवला. या वेळी त्यानं तो दूर सारला नाही.

"अगं..." तो म्हणाला. आज कोणाला म्हणतोय ते त्याला पक्कं ठाऊक होतं. "बारा-तेरा दे."

आत भांड्यात मटार पुन्हा टपटप पडू लागले. तळहातावर पाना आला, आणि पान्यामागून तिची बोटं. ती लगेच गेली नाहीत.

पाना चुकीचाच होता. त्याला बरं वाटलं. आता पुन्हा मागता येणार होतं.