रेडकाचा वाटा

श्रावणातली भुरभुर होती. साताऱ्यात लेकीकडं, रेश्माकडं, राहायला आले होते. पायरीवर मी छत्री मिटत होते, तेवढ्यात समोरून किटली घेऊन एक उंच माणूस आला. वाट द्यायला दोघंही बाजूला सरलो — एकाच बाजूला. पुन्हा सरलो, पुन्हा तेच.

"तुमी काय सरायचं ते सरा. मी उभाच ऱ्हातो," तो हसून म्हणाला.

मिशा पांढऱ्या, पाठ ताठ. हे नानासो. फौजेतून सुभेदार होऊन आलेले, माझे मालक गेले तशी त्यांची बायकोही जाऊन बरीच वर्षं झालेली. कोपऱ्यावरच्या घरामागं त्यांचा गोठा, त्यात एकच म्हैस. रेश्माकडं दूध त्यांचंच यायचं.

"म्हैस व्यालीया. चीक आणलाय, खरवस करा."

शेजारच्या चिकाला नाही म्हणायची रीत आमच्या सांगलीकडंही नाही. तरी मी म्हणाले, "मला नको. मी दूध सोडतेय… हळूहळू."

"हळूहळू म्हंजे?"

"आधी तूप सोडलं, मग दही. आता चहातलं तेवढं राहिलंय."

"आवं, बिडी मी अशीच सोडली. पलटणीत सुरुवात केली, अजून सोडतोयच!"

मला हसू आवरेना. खरं तर हे खूळ माझ्या नातीचं, प्रांजलचं. जनावराचं काहीच खायचं-प्यायचं नाही, एकेक जिन्नस सोडत जायचं. तिला सोबत म्हणून मी सुरू केलं. ती पुण्याला गेली आणि पनीरवर घसरली. मी राहिले. सोडता सोडता मला माहेरचा गोठा आठवायला लागला होता. आई धार काढायची तेव्हा खुंट्याचं रेडकू दोरी ताणून तिच्याकडं बघत राहायचं. वडील म्हणायचे, "कासेचा एक सड त्याचा ठेव गं."

हे सगळं मी त्या परक्या माणसाला पायरीवरच सांगून बसले. त्यांनी ऐकलं, किटलीचं झाकण घट्ट केलं.

"आमच्या रेडकाला पुरलं का, बघून येतो," म्हणाले, आणि चीक घेऊन परत गेले.

दुसऱ्या दिवशी खिडकीखालून हाक आली. "सांगलीकर! आजपासनं एक सड रेडकाचा!"

"एकच?"

"हळूहळू! एकदम पाजलं तर ढाळ लागंल त्याला."

मग तो खेळच झाला. मी चहातलं दूध निम्मं केलं, त्यांनी दुसरा सड सोडला. पहिल्या कोऱ्या चहानं माझं तोंड असं वाकडं झालं, की संध्याकाळी दारात गवती चहाची ओली जुडी आली. एकदा सुभेदारांनी नारळाच्या दुधाचा खरवस केला. तो काही थिजला नाही.

"हे खायचं का प्यायचं, सुभेदार?"

"तुमी म्हणाल तसं."

नजर मीच खाली घातली. या वयात लाजायला होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

दिवाळी झाली. शिवतेज, माझा मुलगा, मला सांगलीला न्यायला आला. सुभेदार तीन सडांपाशी अडले होते आणि त्यापुढं काही बोलत नव्हते. मी तरी काय बोलणार? लोक हसतील, सून काय म्हणेल… मी गाडीत बसले.

तेवढ्यात ते आले. हातात किटली, पण उलटी धरलेली.

"काका, दूध?" रेश्मानं विचारलं.

"आजपासनं न्हाई. दुसरा गवळी बघ, पोरी. चारी सड रेडकाचे." बोलत होते तिच्याशी, बघत होते माझ्याकडं. मग खिडकीशी वाकले. "सांगलीकर… रेडी हाय ती. लय द्वाड. माझ्या एकट्याच्यानं सांभाळायची न्हाई. ऱ्हाताय का?"

"किती दिवस?"

"ती म्हातारी हुईस्तवर."

शिवतेजनं आरशातून माझ्याकडं बघितलं, रेश्माकडं बघितलं. रेश्मा पदराआड हसत होती. मग त्यानं गाडी बंद केली. उतरला, माझी बॅग काढून पायरीवर ठेवली. "काका, चहा तरी घेताय का?"

"कोरा आसंल तर."

मी दार उघडलं. उतरताना त्यांनी हात पुढं केला, आणि या खेपेला दोघंही बाजूला सरलो नाही.

"रेडीला सांगा, सुभेदार," मी म्हणाले, "म्हातारी व्हायची घाई करू नको म्हणावं."