धोट्याची शेवटची तक्रार

"मशीन चालू हाय, गाड्या सुटतान... मंग ह्यो पोऱ्या दर शनवारी कशाला येतं?"

पार्टिशनपलीकडून भाऊंचं पुटपुटणं आलं. पार्टिशन प्लायवूडचं, आणि भाऊंचं पुटपुटणं दापोड्याच्या नाक्यापर्यंत जाणारं. अलीकडे सुनीती कीबोर्डवरची नसलेली धूळ पुसू लागली.

भाऊंच्या कापडाच्या गोदामात ती कॉम्प्युटर सांभाळायची. जूनमध्ये सर्व्हरने छळ मांडला होता. लोडशेडिंग झालं, इन्व्हर्टर लागला, की हा गोठला! गेटवर गाड्यांची रांग, आणि पावत्या निघेनात. सर्व्हरवर 'धोटा' होता, म्हणजे जगभरच्या पंधरा-वीस हौशी लोकांनी मिळून बांधलेली, कुणीही फुकट घ्यावी, उघडून बघावी अशी सिस्टीम. सुनीतीने त्यांच्या साइटवर तक्रार नोंदवली. 'डिअर सर' असं लिहून. उत्तर आलं, तेही 'डिअर सर'!

असे नऊ ईमेल झाले. या सरांना तिने मनातल्या मनात जर्मनीत, बर्फाच्या खिडकीपाशी बसवलं होतं. दहाव्यात त्यांनी विचारलं, हे लोडशेडिंग नेमकं कुठल्या गावचं? तिने कळवलं, भिवंडीजवळचं दापोडे. पाच मिनिटांत इंग्रजी अक्षरांतलं मराठी उत्तर: "मी भिवंडीत राहतो. मंडईमागे. रिक्षाने येऊ?"

आणि दारात सुश्रुत उभा. खांद्यावर लॅपटॉपची पिशवी, चष्म्यावर रस्त्याची धूळ.

"सुनीती... सर?" तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

दुसऱ्याच शनिवारी त्याने दुरुस्ती घातली. पण धोट्याचा एक नियम होता. तक्रार ज्याने नोंदवली, त्यानेच 'दुरुस्त झालं' लिहायचं. त्याशिवाय ती बंद होत नाही. आणि एकही तक्रार उघडी असली तर नवी आवृत्ती निघत नाही. ती निघाली की सुश्रुत बंगळूरला जाणार होता. नोकरीवर. तसं त्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं... तेव्हा सुनीतीला त्याचं काहीच वाटलं नव्हतं!

"झालं का बरं?" तो दर शनिवारी विचारायचा, स्क्रीनकडे न बघता.

"अजून... आठवडाभर बघू या?"

"बघू या की," तो लगेच म्हणायचा. मग दोन स्टुलं, मध्ये एक बशी, आणि चुकून लागणारं कोपर.

आज मात्र त्याने वेगळंच काढलं. "धोट्याचे सगळे थांबलेत," तो म्हणाला. "एवढी एकच तक्रार राहिलीये. ब्राझीलचा एक जण विचारतोय, दापोड्यात नक्की चाललंय काय?"

तेवढ्यात भाऊच आत आले. "ह्यो मशीन न बंद पडता किती दिस चालतंय, ते ह्याला इचारता येतं का न्हाय?"

येतं. एका शब्दाचं काम. सुश्रुतने सावकाश टाइप केलं.

एकेचाळीस दिवस.

भाऊंनी आकडा बघितला, मग दोघांची तोंडं बघितली. "मी चहा सांगतो," म्हणाले आणि निघून गेले. भरलेले दोन कप टेबलावरच होते.

"तुम्हाला ठाऊक होतं?" सुनीतीने विचारलं.

"घरून रोज बघायचो."

"मग बोलला का नाहीत?"

"नियम... ज्याची तक्रार त्याने."

"नियम केला कुणी?"

"...मीच."

तिला हसू आलं. तिने कीबोर्ड ओढला. 'दुरुस्त झालं.' बटण दाबलं. कुठे कुठे पंधरा-वीस माणसं खूश झाली असतील.

सुश्रुत चार्जरची वायर गुंडाळू लागला. गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. "सोमवारी निघतो मग."

"हो."

नेमके दिवे गेले. पंखा मंदावला, इन्व्हर्टर घरघरला. सर्व्हरचा हिरवा ठिपका मात्र लुकलुकला नाही, की अडखळला नाही. तोही आता तिची बाजू घेणार नव्हता.

पिशवी खांद्यावर टाकून सुश्रुत दारापर्यंत गेला. तिथे थांबला. पार्टिशनपलीकडेही कुणीतरी श्वास रोखून उभं होतं.

"सर," सुनीती म्हणाली, "नोकरीवर जा. खुशाल जा. पण मी शनिवारची वाट मशीनसाठी बघत नव्हते... मला तुम्ही आवडता."