ठिपक्यांच्या छापखान्यातला मदरबोर्ड

“आपोआप झालं” हे शब्द कानावर पडले की वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात जाई. वीस वर्षं त्यांनी विम्याच्या दाव्यांची चौकशी केली होती. आपोआप पेटलेली गोदामं आणि आपोआप दरीत गेलेल्या गाड्या त्यांनी इतक्या पाहिल्या होत्या, की जगात आपोआप फक्त धूळ साचते असं त्यांचं ठाम मत झालं होतं.

आता त्यांची स्वतःची चौकशी संस्था होती. संस्था म्हणजे वहिनी, एक टेबल आणि त्यांचे धाकटे दीर. वहिनी त्यांना भावोजी म्हणत. भावोजी गाडी चालवत, टिपणं काढत आणि समोर जो कोणी बोलत असेल त्याच्यावर मनापासून विश्वास ठेवत.

त्या दुपारी दोन वाजता दोघं ब्रेल छापखान्याच्या व्यवस्थापकांसमोर बसले होते. अंध वाचकांसाठी कागदावर ठिपके उठवून पुस्तकं छापण्याचं काम तिथे चाले, आणि ते सगळं एका कॉम्प्युटरवर अवलंबून होतं. परवा दुपारपासून तो कॉम्प्युटर मेला होता.

“आपोआप नाही झालं,” व्यवस्थापक म्हणाले. वहिनींना ते लगेच थोडेसे आवडले. “कॉम्प्युटरवाला म्हणतो, कुणीतरी त्याचा बायोस बदलायला गेलं आणि अर्ध्यात घोडं अडलं. बायोस म्हणजे मशीन जागं होताना सगळ्यात आधी जे वाचतं ते. तेच अर्धवट राहिलं. आता पडदा काळा तो काळाच.”

“नवीन मदरबोर्ड घाला,” भावोजींनी सुचवलं.

व्यवस्थापकांनी कपाळावर हात मारला. ठिपके छापणाऱ्या सॉफ्टवेअरचं लायसन्स त्याच बोर्डाला बांधलेलं होतं आणि सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती. बोर्ड गेला म्हणजे छापखाना गेला.

“हे सगळं टायपिस्ट बाईंनी केलंय, हे मला माहीत आहे. मशीनला शेवटचा हात त्यांचाच होता,” ते पुढे म्हणाले. “चार वाजता विश्वस्त येतायत. बाईंना कामावरून काढल्याचं पत्र तयार आहे. तुम्ही फक्त पुरावा द्या.”

“पत्र आधी आणि पुरावा नंतर. छान पद्धत आहे,” वहिनी म्हणाल्या.

इतक्यात दार वाजलं. काळा चष्मा लावलेले एक उंच, सडपातळ गृहस्थ हातातली काठी चौकटीला टेकवून उभे होते. छापखान्याचे मुद्रितशोधक, ठिपक्यांवरून बोटं फिरवून चुका काढणारे. सगळे त्यांना सर म्हणत.

“मला जरा बोलायचं होतं,” सर म्हणाले.

“नंतर, सर, नंतर. तुमचं काम लवकर सुरू होईल, काळजी करू नका. बसा तुम्ही आरामात.” व्यवस्थापकांनी गोड आवाजात दार लावून घेतलं आणि वहिनींकडे वळून कुजबुजले, “बिचारे. कालपासून चार वेळा आले. कॉम्प्युटर त्यांना मजकूर वाचून दाखवतो, तो हेडफोनमधला आवाज अडखळतो म्हणून सहा महिने भुणभुण चालली आहे. आता मशीनच गेलंय, तर आवाजाचं काय घेऊन बसलेत.”

वहिनींनी विचारलं, की परवा दुपारी खाली कोण होतं. व्यवस्थापक म्हणाले, कोणीच नाही. एक ते दोन सगळे वरच्या मजल्यावर जेवायला जातात.

“सगळे?”

“सर डबा खालीच खातात, त्यांना जिने नको वाटतात. पण ते काही धरण्यात नाही.”

भावोजींनी टिपणवहीत ‘कोणीच नाही’ असं लिहिलं.

कॉम्प्युटरची खोली आतल्या बाजूला होती. खिडकी नाही, तीन भिंतींना कागदाचे गठ्ठे, दाराला वरच्या अर्ध्यात काच. जड टेबल आता भिंतीपासून ओढून तिरकं केलेलं होतं आणि त्यामागे कॉम्प्युटरवाला उकिडवा बसून मान हलवत होता. काल त्याने मशीन गेल्याचं सांगितलं होतं आणि आज तेच पुन्हा सांगायला आला होता.

त्याचं म्हणणं असं, की बोर्ड संपला. पेटी कुणी उघडलेली नव्हती. मागच्या बाजूला, अगदी खाली, एक पेन ड्राइव्ह खोचलेला सापडला. तो छापखान्याचाच, दारातल्या टोपलीतून कुणीही उचलावा असा. पुढे दोन जागा रिकाम्या असताना मागे खोचला, म्हणजे लपवायचाच बेत. आत एकच फाइल, तिचं नाव विचित्र, सगळी मोठी इंग्रजी अक्षरं.

“बायोस बिघडवणारा व्हायरस असणार,” तो म्हणाला.

“व्हायरस,” भावोजींनी लिहून घेतलं.

वहिनी वाकल्या. पेन ड्राइव्हच्या त्या जागेभोवती उठावाची चौकट होती, इतर कुठल्याही जागेला नव्हती. शेजारी एक इवलंसं बटण आणि त्याखाली टाचणीच्या डोक्याएवढा दिवा होता. ते बटण कशाचं हे कॉम्प्युटरवाल्याला माहीत नव्हतं, आणि माहीत नसल्याचं दुःखही नव्हतं.

“टेबल तुम्ही ओढलंत?”

“मीच. कंबर गेली माझी. खाली बोटभर धूळ, आणि पाय होते तिथे चार स्वच्छ चौकोन. वर्षभर कुणी हलवलं नसणार.”

वहिनींनी बोर्डाचा नंबर लिहून घेतला, एका गठ्ठ्यावर बसल्या आणि फोनवर त्या बोर्डाची माहितीपुस्तिका वाचू लागल्या. दहा मिनिटं त्या वाचत होत्या. मध्येच त्या “अरे देवा” असं म्हणाल्या, पण भावोजींना त्यातून काही कळलं नाही.

मग टायपिस्ट बाई आल्या. डोळे सुजलेले, आवाज मात्र खणखणीत. परवा एक वाजता त्यांनी कॉम्प्युटर नीट बंद केला, भिंतीवरचा स्विच नेहमीप्रमाणे चालूच ठेवला, दिवा मालवला आणि वर गेल्या. दोनला पाच कमी असताना इतरांच्या आधी खाली आल्या. सर आपल्या खुर्चीत बसले होते. मशीन चालूच होईना.

“मी ओरडून सगळ्यांना बोलावलं. ज्याने बिघडवलं तो कधी ओरडून लोकांना बोलावतो का?” त्या म्हणाल्या. “बायोस हा शब्दही मी काल पहिल्यांदा ऐकला. अकरा वर्षं काम केलंय मी इथे. माझ्यावर खापर फोडायचं तर फोडा, पण निदान काय फुटलंय ते तरी मला समजावून सांगा.”

भावोजींचा त्यांच्यावर तत्काळ विश्वास बसला.

शेवटी बाइंडर आला. पुस्तकांची बांधणी तो करी. जेवताना मध्येच चष्मा विसरल्याचं आठवून तो सव्वाच्या सुमाराला खाली आला होता. त्याच वेळी बाई हात धुवायला म्हणून उठल्या होत्या आणि दहा मिनिटं आल्या नव्हत्या, हेही त्याने आवर्जून सांगितलं.

“पण त्या या खोलीत नव्हत्या. काचेतून मी स्वतः बघितलं, आत कोणी नव्हतं,” तो म्हणाला.

“कशावरून?”

“दिवे बंद होते की. मिट्ट काळोख.”

भावोजींनी वही मिटली. सव्वाला खोलीत कोणी नाही, त्याआधी मशीन नीट, त्यानंतर मेलेलं. “वहिनी, शेवटी हे आपोआपच झालं म्हणायचं,” ते म्हणाले.

वहिनींनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की भावोजींनी वही पुन्हा उघडली.

साडेतीन वाजता वहिनींनी सगळ्यांना त्या खोलीत बोलावलं. व्यवस्थापक म्हणाले की सरांना कशाला त्रास द्यायचा. वहिनी म्हणाल्या की सरांवाचून सुरू करणार नाही. सर आले आणि दाराशी उभे राहिले. मग वहिनींनी भावोजींकडून टेबल पुन्हा भिंतीला लावून घेतलं आणि काही न सांगता दिवा बंद केला.

“आता त्या कॉम्प्युटरच्या मागचं छोटं बटण कुणीतरी दाबून दाखवा,” काळोखातून त्यांचा आवाज आला.

कुणीतरी खुर्चीवर आपटलं. कागदाचा गठ्ठा कोसळला. बाइंडरने शिवी गिळली. वहिनींनी दिवा लावला.

“या खोलीत दिवा नसेल तर तुम्हाला एक पाऊल टाकता येत नाही. म्हणून काळोख दिसला की तुम्ही म्हणता, कोणी नाही. परवा दिवे बंद होते एवढंच बाइंडरने पाहिलं. आत कोण होतं ते त्याने पाहिलेलंच नाही.”

वहिनींचा आवाज चढत गेला.

“हे टेबल वर्षभर हललं नव्हतं. मागे हात जातो, डोळा जात नाही. डोळ्यांनी काम करणारा माणूस आधी टेबल ओढतो, या कॉम्प्युटरवाल्यांनी कंबर मोडून ओढलं तसं. परवाच्या माणसाला ओढायची गरजच पडली नाही. पेन ड्राइव्ह मागे लपवला नव्हता. या बोर्डाला मशीन बंद असताना, पडद्याशिवाय बायोस बदलायची सोय आहे, आणि ती फक्त त्या चौकटीतल्या जागेतून चालते. पेन ड्राइव्ह खोचायचा, बटण दाबून धरायचं. फाइलचं नाव कंपनीने सांगितलेलं हवं, एका अक्षराची चूक चालत नाही. इथे एकही चूक नाही. इतकं काटेकोर नाव लिहिणारा माणूस या छापखान्यात कोण आहे, हे मी बाहेरून येऊन सांगायचं का? नव्या बायोसमध्ये दुरुस्ती काय आहे तेही कंपनीने पुस्तिकेशेजारीच दिलंय. अडखळणारा आवाज.”

सगळे सरांकडे वळले.

“म्हणजे सर? अहो, कसं शक्य आहे!” व्यवस्थापक म्हणाले.

“शक्य कसं नाही?” सर म्हणाले. त्यांचा आवाज थरथरत होता, पण रागाने. “सहा महिने त्या उचक्या ऐकत मी पुस्तकं तपासली. शेवटी घरच्या कॉम्प्युटरवर सूचना ऐकल्या, फाइल पेन ड्राइव्हवर घेतली आणि स्वतः केलं. सूचनेत एकच गोष्ट अशी होती जी मला करता येत नव्हती. दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत थांबा, असं होतं. किती मिनिटं ते नव्हतं. मी घड्याळाचे काटे चाचपून पाच मिनिटं मोजली आणि भिंतीवरचा स्विच बंद करून पुन्हा लावला.”

“आठ लागतात. पुस्तिकेत तळटीप आहे,” वहिनी म्हणाल्या.

“काल सकाळी तुम्ही सगळ्यांना धारेवर धरलंत. मी उभा राहिलो तर मला म्हणालात, सर, तुम्ही बाहेर बसा. चार वेळा सांगायला आलो. चारही वेळा मला खुर्ची मिळाली.” मग ते टायपिस्ट बाईंचा आवाज जिकडून यायचा तिकडे वळले. “तुमच्यावर आळ आलाय हे मला आज दुपारी कळलं. पण दार ढकलून सांगायला हवं होतं. माझं चुकलं.”

“दोन रात्री झोप नाही मला, सर,” बाई म्हणाल्या. त्यांना रडू आवरत नव्हतं आणि त्याचाही त्यांना राग येत होता. “एक हाक मारली असतीत तर मी दिवा बघितला नसता का?”

“भांडण आठ मिनिटं थांबवा,” वहिनी म्हणाल्या. “अर्धवट राहिलेला बायोस त्याच बटणाने पुन्हा भरता येतो. बोर्ड मेला म्हणणाऱ्यांनी पुस्तिका वाचली असती तर हे कालच झालं असतं.” कॉम्प्युटरवाला छताकडे बघू लागला.

सर पेन ड्राइव्ह घेऊन टेबलाशी गेले, हात मागे घालून तो खोचला आणि क्षणात बटण सापडलं. भावोजी टेबलाखाली आडवे झाले आणि भिंतीवर पडणाऱ्या उजेडावरून दिवा लुकलुकतोय, अजून लुकलुकतोय, असं आठ मिनिटं न कंटाळता सांगत राहिले. थांबला म्हणाले तेव्हा त्यांच्या नाकाला धूळ लागली होती. बाईंनी कॉम्प्युटर चालू केला. पडद्यावर अक्षरं आली. सरांनी हेडफोन कानाला लावला, थोडा वेळ ऐकलं, आणि त्यांचा चेहरा सैल झाला.

विश्वस्त यायच्या आधीच व्यवस्थापकांनी खिशातलं पत्र काढून फाडलं. “झालं गेलं सोडून द्या,” ते समजूतदारपणे म्हणाले. “सरांची काय चूक? त्यांना दिसतच नाही.”

“दिसत नाही म्हणून माफी नको,” सर कडाडले. “विचारल्याशिवाय हात लावला, अकरा वर्षं काम केलेल्या माणसाची नोकरी धोक्यात घातली. बाईंना पत्र देणार होता ना? मग मलाही द्या. जे शब्द त्यांच्यासाठी होते तेच.”

व्यवस्थापक गोंधळले. त्यांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी म्हणाल्या, “द्या की. पहिल्यांदाच तुम्ही त्यांचं ऐकाल.”

कामावरून काढण्याचा मजकूर गाळून ताकीद ठेवायची, एवढ्यावर सर कसेबसे तयार झाले. व्यवस्थापकांनी मजकूर सांगितला, बाईंनी टाइप केला. ठिपके उठवणारं यंत्र दोन दिवसांनी खडखडलं आणि एक जाड पान बाहेर आलं.

सरांनी ते टेबलावर पसरून वाचायला घेतलं. बेजबाबदारपणा, परवानगी न घेणे, सक्त ताकीद. बोटं भराभर सरकत होती. शेवटच्या ओळीवर ती थबकली, मागे गेली, पुन्हा पुढे आली. ती ओळ व्यवस्थापकांनी सांगितलेली नव्हती. बाईंनी स्वतःच्या मनाने घातली होती: पुढच्या वेळी असले उद्योग करायचे असतील तर मला हाक मारा, दिवा मी बघते.

सरांनी ती ओळ तिसऱ्यांदा वाचली. मग पानाची नीट घडी घालून खिशात ठेवली, आणि घसा खाकरून बाईंना म्हणाले, की दुसऱ्या ओळीत एक स्वल्पविराम राहिलाय.