श्यामराव बसायला येतात

कोणाला पटो न पटो, हे आमच्याच घरात घडलं आहे.

मी खुशबू. गाव सानगडी, जिल्हा भंडारा. साल २०१८, धान कापणीचे दिवस. आणि रात्र नव्हती... भर दुपार होती.

माझे बाबा, हिरालाल. त्यांच्या पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीत जंतू शिरून फुगा आला होता. कधीही फुटेल असा. नागपूरच्या दवाखान्यात नेलं.

तयार मिळणारी स्टेंटची नळी बसत नव्हती. किडनीला रक्त नेणाऱ्या फांद्या नेमक्या तिथेच होत्या.

डॉक्टर म्हणाले, "मीच नळीच्या कापडाला मापानं भोकं पाडतो, म्हणजे किडनीचं रक्त अडणार नाही. मग जांघेतून आत सरकवू."

शेजारच्या खाटेवर लाखांदूरचे श्यामराव होते. तोच आजार, तसंच ऑपरेशन. पण त्यांचा ताप उतरत नव्हता, म्हणून बाबांचा नंबर आधी लागला.

बाबांना नेताना श्यामराव म्हणाले, "हिरालालभाऊ, बाहेर आले का मले सांगा जी, कसं वाटते ते."

बाबा आत असतानाच श्यामरावांचा फुगा फुटला.

डॉक्टर धावले, नर्स धावल्या. काही उपयोग झाला नाही.

त्यांची बायको गोदावरीबाई ओरडली नाही. खाटेखालच्या त्यांच्या चपला पिशवीत भरत राहिली.

मीही रडले नाही. नुसती पाहत होते.

बाबांना आम्ही कळू दिलं नाही. "श्यामरावले दुसऱ्या वॉर्डात नेलं," आई म्हणाली.

घरी आलो. जेवण झालं की बाबा ओसरीतल्या खाटेवर पडायचे. एक दिवस मी आत भांडी घासत होते, आणि ऐकलं...

"जय भीम, श्यामराव. या, बसा."

माझे हात थांबले. नळ तसाच वाहत होता.

बाहेर आले. बाबा एकटेच. पायथ्याची जागा मोकळी सोडून, पाय आखडून बसलेले.

"कोणासंग बोलून राहिले, बाबा?"

"श्यामरावसंग. आताच गेले. तुले दिसले नाही?"

पायथ्याशी खाटेची नवार, विणलेली पट्टी, दबलेली होती... आणि माझ्यासमोर हळूहळू वर आली.

मग हे रोजचंच झालं. दुपार झाली की आई आतून कडी लावून घ्यायची.

शेवटी मीच सांगितलं. "बाबा, श्यामराव गेले. तुमी ऑपरेशनले आत होते, तवाच."

बाबांनी पायथ्याच्या मोकळ्या जागेवरून हात फिरवला.

मग म्हणाले, "मले वाटलंच होतं. पण त्यायले माहीत नाही वं. मी कायले सांगू?"

बाबा आता बरे आहेत. तपासणीत नळी जागेवर आहे, जंतू नाहीत. शेतावर जातात.

मागच्या आठवड्यात ते आणि आई बांधावर होते. मी घरी एकटी, तांदूळ निवडत.

ओसरीतून आवाज आला. थकलेला, अगदी साधा.

"पोरी... माहा नंबर लागला का वं?"

मी मान वर केली नाही. घाबरलेही नाही. माझ्या आत काहीच हललं नाही.

"अजून नाही, काका," मी म्हणाले.

"बरं... बसतो मंग."

खाट करकरली.

मी तांदूळ निवडत राहिले.