घोटा किती वाकतो?

सोमवारी बारा अंश, बुधवारी सात. दोन दिवसांत केतकीचा डावा घोटा पाच अंशांनी आखडला होता. निदान मापाड्याचं म्हणणं तसं होतं.

साल २०५८. सांगलीजवळच्या एका पुनर्वसन केंद्रात (दुखापतीनंतर शरीराला पुन्हा कामाला लावणाऱ्या दवाखान्यात) मापाडी नावाचा यंत्रमानव रुग्णांचे सांधे मोजायचा. बारा वर्षांच्या केतकी बोराटेचा घोटा खो-खो खेळताना मोडला होता. हाड जुळलं, पण सांधा वाकेना. उकिडवं बसता येईना. मग खो-खो कसला?

"दोन आठवड्यांत सुधारणा नाही," मापाडी म्हणाला. "उपचार थांबवावेत. उद्यापासून येऊ नका."

"मी येणार," केतकी म्हणाली.

फिजिओथेरपिस्ट नसीमा मुल्ला मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "आकडेच तसं सांगतायत गं."

"मग आकडे चुकतायत. ए मापाड्या, आत्ता परत मोज."

मापाड्याने तिला टेबलावर बसवलं आणि तिचं पाऊल नडगीकडे दाबत नेलं. "बास!" ती ओरडली. तेरा अंश.

"परत."

या वेळी तिने गुडघा सरळ ठेवला. सहा.

"परत!"

अकरा.

"दहा मिनिटांत माझा घोटा तीनदा बदलला?"

"शक्य नाही," मापाडी म्हणाला.

"मग बदललं काय ते सांग."

"तुम्ही 'बास' म्हणेपर्यंत मी दाबतो. कधी तुम्ही लवकर म्हणता, कधी उशिरा. गुडघा सरळ असला की पोटरीचा स्नायू ताणला जातो आणि पाऊल कमी वाकतं."

"म्हणजे तू माझा घोटा मोजतच नव्हतास," केतकी चिडून म्हणाली. "माझं ओरडणं मोजत होतास!"

मुल्ला मॅडम खुर्ची ओढून बसल्या. "याला विश्वासार्हता म्हणतात (काहीच बदललेलं नसताना पुन्हा मोजलं, तर जवळपास तेच उत्तर येणं). ती आपल्या मापात नव्हती. चूक आमची आहे, केतकी."

मग तिघांनी नवी रीत ठरवली. केतकी भिंतीसमोर उभी राहिली, डावा पाय पुढे. टाच जमिनीला चिकटलेली. गुडघा वाकवून भिंतीकडे न्यायचा आणि टाच उचलायच्या बेताला आली की थांबायचं. मापाड्याने नडगीवर पेनाने खूण केली आणि तिथे कोनमापक (कोन मोजायचं साधन) टेकवला. आता दाबणारा हात नव्हता, केतकीचं स्वतःचं वजन होतं. पूर्ण वजन पडल्यामुळे आकडा मोठा आला. एकवीस. पुन्हा एकवीस. मग बावीस. मुल्ला मॅडमनी स्वतः मोजलं, तरी वीस.

"मोजण्यातच एक-दोन अंशांचा फरक पडतो," मापाडी म्हणाला. "तेवढ्या बदलाला सुधारणा म्हणता येणार नाही."

"आणि बिघाडही म्हणायचा नाही," केतकीने बजावलं. "आणखी किती जणांना असं घरी पाठवलंस?"

"या महिन्यात घोट्याचे नऊ रुग्ण."

"त्यांना बोलवा, मॅडम. ते येईपर्यंत मी इथून हलणार नाही."

मॅडमनी तिच्यासमोरच नऊ फोन लावले. सात जण परत आले. नव्या रीतीने दर आठवड्याला मोजल्यावर त्यांतल्या पाच जणांचे घोटे सुधारत असल्याचं दिसलं. दोघांची सुधारणा खरंच थांबली होती, त्यांच्यासाठी वेगळे व्यायाम सुरू झाले.

तीन आठवड्यांनी केतकी भिंतीसमोर उभी राहिली. वेळ दर आठवड्याचीच, सकाळी दहाची, व्यायामाआधीची.

"सत्तावीस," मापाडी म्हणाला. "सहा अंश. ही खरी सुधारणा आहे. उजवा घोटा एकोणचाळीस."

"डावा तिथपर्यंत जाईल?"

"माहीत नाही. मोजत राहावं लागेल."

"हे बरोबर बोललास," केतकी म्हणाली, आणि भिंतीचा आधार सोडून हळूहळू उकिडवी बसू लागली.