प्रश्नांची तबकडी

आळंदच्या नलिनीबाईंची तबकडी चोरीला गेली आणि तपासाला गुलबर्ग्याहून लिंगराज आला. लिंगराज खाजगी गुप्तहेर. सोबत त्याचा दोस्त तिप्पण्णा. याला कुठलाही चोर पाच मिनिटांत सापडायचा आणि तो हमखास चुकीचा असायचा.

नलिनीबाई दवाखान्यात नर्स होत्या. हॉलंडला शिकायला जाण्यासाठी त्यांचं नाव निघालं होतं. रोजच्या बोलण्यातले डच प्रश्न त्यांना कळतात का, हे पाहायला तिथली डॉक्टरीण संध्याकाळी घरी येणार होती. नेमकी प्रश्नांचीच तबकडी काल ग्रामोफोनवरून गेली, सोबत सुयांची डबीही. आज जमलं नाही तर जाणं कायमचं हुकणार होतं.

तिप्पण्णाचा संशय सासऱ्यांवर. पांडुरंगरावांनी आडपडदा ठेवला नाही. सुनेनं समुद्रापार जाऊ नये, तबकडी हाती लागली असती तर फोडलीच असती, असं ते म्हणाले. मग संशय दवाखान्यातल्या दुसऱ्या नर्स सुमतीबाईंवर, कारण नलिनीबाई मागं राहिल्या तर नंबर त्यांचा होता. पण त्यांच्या खोलीत ग्रामोफोनच नव्हता.

सासूबाई सरस्वतीबाई काल दुपारभर शेजारच्या चंद्रभागाबाईंच्या ग्रामोफोनवर भजनं ऐकत होत्या. "मला त्या भाषेतलं काही कळत न्हाई," त्या म्हणाल्या.

लिंगराजनं विचारलं, डच प्रश्नांत एवढं अवघड ते काय?

"आपण क्रियापद शेवटी बोलतो," नलिनीबाई म्हणाल्या. "ते प्रश्नात क्रियापद आधी घेतात, मग माणूस. 'राहता तुम्ही इथं?' असं. 'कुठं' आलं की ते पहिलं, पण लगेच मागं क्रियापदच." नमुना म्हणून त्यांनी लिंगराजलाच विचारलं, "हेप्त उ हेत काउत?"

सरस्वतीबाईंनी उठून खिडकी लावली आणि त्या पुन्हा येऊन बसल्या.

लिंगराजनं सगळ्यांना बैठकीत बोलावलं. "अडवायचंच असतं तर चोरानं सुया कामून नेल्या असत्या? त्याला तबकडी ऐकायची होती. पांडुरंगरावांनी ती फोडली असती, सुमतीबाईंकडं ऐकायची सोय न्हाई. शेजारी सोय आहे." तो सरस्वतीबाईंकडं वळला. "अक्का, मघाशी नलिनीबाईंनी मला विचारलं, थंडी वाजते का. अर्थ मी त्यांना मागाहून विचारला, तेव्हा कुणी सांगितला नव्हता. तुम्ही खिडकी लावलीत."

सरस्वतीबाईंनी पदराआडून तबकडी काढली. घरात मराठी, बाजारात कन्नड, कचेरीत उर्दू. चौथी भाषा त्या स्वयंपाकघरातून ऐकूनच शिकल्या होत्या. "एक प्रश्न जुळंना," त्या म्हणाल्या. "त्या बाईला माझा मीच विचारायचा होता. सांगितलं असतं तर तुम्ही हसला असता."

हसलं कुणीच नाही. त्यांच्या पाया पडावं, असं तिप्पण्णाला मनापासून वाटलं.

डॉक्टरीण आली. नलिनीबाईंनी तिच्या सगळ्या प्रश्नांना उत्तरं दिली. ती उठू लागली, तेव्हा सरस्वतीबाई पुढं झाल्या आणि थांबत थांबत, पण शब्द बरोबर जागी ठेवून, त्यांनी डचमध्ये विचारलं. तिकडं रात्रपाळी करून माझी सून परत येईल, तेव्हा दार कोण उघडेल?

डॉक्टरीण पुन्हा खाली बसली. "इक," ती स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणाली.

त्या शब्दाचा अर्थ कुणी कुणाला विचारला नाही. सरस्वतीबाई आत गेल्या आणि सुनेची ट्रंक काढून कपडे भरायला लागल्या.